जाणाऱ्याच्या घरचा चहा

नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन चहा पिणारा मालक मी आयुष्यात एकच पाहिला. सेलूला बाबूजींचा शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना होता. म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड आणि शिलाई मशीनच्या रांगा. कुणी काम सोडलं, की आठवड्याच्या आत बाबूजी त्याच्या दारात हजर. परत चल, असं चुकूनही म्हणायचे नाहीत. खाटेवर बसायचे, बशीत चहा ओतायचे आणि विचारायचे, "काऊन सोडलं गा?"

"येणारा माणूस गोडच बोलते," ते म्हणत. "खरं आयकाचं असन तं जाणाऱ्याले विचारा."

येणाऱ्याला ते फारसं काही विचारत नसत. शेडमधली एखादी बाई आपल्या नणंदेला, शेजारणीला घेऊन यायची. बाबूजी तिचा टाका पाहायचे आणि "ठीक हाय, बस" म्हणायचे. निवड झाली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांचे चिरंजीव, भैयाजी, पुण्याहून व्यवस्थापन शिकून आले आणि या निवडीची त्यांना लाज वाटली. वशिला बंद झाला. अर्ज आले, लेखी परीक्षा आली, हिरव्या कापडाचं टेबल आणि त्यामागे तीन खुर्च्या आल्या. तिसरीवर मी, कालपर्यंत शेडचा हजेरी कारकून, आता भरती अधिकारी. पगार तोच, हुद्दा मात्र दारावर रंगवलेला. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" भैयाजींनी एकीला विचारलं. ती घाबरून म्हणाली, "इथंच जी, मशीनीपाशी. काऊन, हटवता का?" तिला गुण कमी पडले.

निवडलेल्या मुली हुशार होत्या, टाका सुरेख होता. फक्त टिकत नव्हत्या. शाळा उघडायला आल्या, गणवेश अर्धवट, मशीन रिकाम्या. भैयाजींनी मला बजावलं, "रांगा भरल्या नाहीत, तर आधी तुमची खुर्ची रिकामी होईल." घरी तान्हं बाळ होतं. घाबरून मी आणखी एक परीक्षा सुचवली.

"परीक्षा ठेव बाजूले," बाबूजी म्हणाले. "चाल गा, पवनारले जाऊन येऊ."

परीक्षेत पहिली आलेली सुनंदा पवनारची. तिनं नुकतंच काम सोडलं होतं. तिच्या आईनं चहा दिला.

"काम जड गेलं का वं?" बाबूजींनी विचारलं.

"नाई जी."

"पगार?"

"चांगला होता."

"मंग?"

सुनंदा ओढणीशी चाळा करत राहिली. आई आतून ओरडली, "सांग ना वं! चहा पिऊन राह्यले ते, तुले खाऊन नाई राह्यले!"

"जेवाले कोणी बलावेच नाई," सुनंदा म्हणाली. "सगळ्या आपापल्या गोलात बसत. मी भिताडापाशी डबा खात बसो. न बलावता कशी जाऊ?"

मला हसू येत होतं. बाबूजींनी बशी खाली ठेवली. पूर्वी भावजयीनं आणलेली नणंद भावजयीच्या गोलात बसत असे. आम्ही वशिला बंद केला, त्याबरोबर जेवणाचं बोलावणंही.

मग बाबूजींनी उत्साहात घोटाळा केला. जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये उभं राहून एका नव्या मुलीला हाक मारली, "ये बाई, माह्यासंग जेव!" ती डबा तिथंच टाकून बसस्टँडकडे पळाली. तेव्हा त्यांनी ते काम जुन्या बायांवर सोपवलं: शेजारच्या मशीनवर नवी आली, की तिला जेवायला हाक मारायची. आपली माणसं आणायलाही पुन्हा मोकळीक दिली. सुनंदा परत आली. शाळा उघडायच्या आत गणवेशांचा शेवटचा ट्रक फाटकाबाहेर पडला, तेव्हा मी खुर्चीत बसूनच तो पाहिला. हिरवं कापड इस्त्रीच्या टेबलावर गेलं.

बाबूजी थकून घरी बसले, त्यानंतर काही वर्षांनी ती खुर्ची मी आपणहून सोडली. राजीनाम्यात 'कौटुंबिक कारण' लिहिलं. आठवडा व्हायच्या आत काठी टेकत बाबूजी दारात. चहा बशीत ओतला.

"काऊन सोडलं गा?"

आईची तब्येत, पोराची शाळा, सगळं पाठ केलेलं होतं. त्या बशीसमोर त्यातलं काहीच तोंडातून निघेना. म्हटलं, "बाबूजी, भैयाजींच्या हाताखाली आता निभत नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मले वाटलं, माह्यंच काही चुकलं. त्याच्यासंग तं मलेही जमत नाई." बशी पालथी घालून त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"आता जेवाले बलावशील, का भिताडापाशी बसू?"