किल्लेदार की सेनापती

विभावरी टेंभेकर सिनेमाची गोष्ट सांगायला बसली की बायका डबा खायचं विसरत. जबलपूरच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात, तोफगोळ्यांचे फ्यूज भरायच्या शेडमध्ये ती हेड होती. शेडभोवती मातीचे उंच बांध घातलेले होते, स्फोट झालाच तर त्याचा मार शेजारच्या शेडला लागू नये म्हणून. दुपारच्या सुट्टीत त्या बांधाला पाठ लावून बायका उन्हात बसत आणि विभावरी तलवार उपसत असे.

रडारडीचे सिनेमे तिला चालत नसत. तिला लढाईचा सिनेमा हवा, तोही जुन्या काळातला. घोडे हवेत, बुरूज हवेत. सगळ्यांत लाडका किल्लेदाराचा. शत्रू दारात आलेला, दाणागोटा संपलेला. किल्लेदार आपली माणसं चोरवाटेनं खाली उतरवतो आणि स्वतः एकटा दरवाज्यात उभा राहतो. "अंगात बाण रुतलेत, तरी खाली पडत नाही," विभावरी सांगे, "मेला तरी उभाच!" हे सांगताना तिचा आवाज चढे आणि नव्यानं लागलेली लतिका, जेमतेम विशीची पोर, घास हातात धरून बसे.

बेबीताईला मात्र हा किल्लेदार पसंत नव्हता. ती विभावरीपेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली, पलीकडच्या शेडमधली जुनी कामगार. तिचा लाडका सिनेमा नदीवाला. त्यातला सेनापती हरायची वेळ आली तशी सैन्य घेऊन नदीपार निघून जातो. दरबारातून त्याला बांगड्या पाठवतात. तो त्या ठेवून घेतो, पावसाळा काढतो आणि परत येऊन राज्य सोडवतो.

"पळपुटा," विभावरी म्हणे. "मी तर अर्ध्यातून उठून आली होती."

"म्हणूनच तुला समजला नाही. जिवंत राहिला म्हणून तर जिंकला न, बाप्पा!"

बायका हसत. रोजची गंमत होती ती. पण एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली आणि गमतीची धारच बदलली. घरांच्या खिडक्यांना काळे कागद लागले. बायका राहत त्या अधारताल वस्तीतून कारखान्याची गाडी दिवे झाकून निघू लागली. कामाचे तास वाढले, सुट्टी अर्ध्यावर आली. फ्यूजच्या पेट्या भरल्या की लगेच उचलल्या जात. तरी वरून निरोप येई, अजून पाहिजेत. बायकांची बोटं दुखत, डोळे चुरचुरत, पण बोलायचं कोणी नाही. ज्यांचे भाऊ, दीर सीमेवर होते त्या तर डोकंही वर करत नसत.

अशाच एका दुपारी लतिकानं भोळेपणानं विचारलं, "ताई, आपले शिपाई किल्लेदारासारखे लढून राहिले असतील न?"

"तसेच," विभावरी म्हणाली. "मागं फिरणारा शिपाईच नव्हे."

"सगळ्यांनी दारातच मरायचं, तर घरी कोण येईल?" बेबीताई म्हणाली.

"येणाऱ्यांचं कौतुक तुलाच. माझा माणूस नाही आला घरी, तरी मान वर करून चालते मी."

विभावरीचा नवरा मोहन याच कारखान्यात होता. पासष्टच्या लढाईच्या वेळी शेडला आग लागून तो गेला. माल वाचवताना गेला, म्हणून त्याचा फोटो हार घालून मिरवला होता. ग्वारीघाटावर नर्मदेत अस्थी सोडताना त्याचे साहेबही काठावर उभे होते. त्याच्या जागी विभावरीला घेतलं. त्या दिवसापासून किल्लेदाराला नाव ठेवलेलं तिला खपत नसे.

बेबीताईनं डब्याचं झाकण लावलं. लावता लावता तिच्या तोंडून निघून गेलं, "मोहनराव बाहेर आले होते, विभा. मी पाहिलं. बाहेर आले होते आणि परत गेले."

विभावरी उठली. "सहा वर्षं झाली. आज काहून सांगून राहिली?"

त्या दिवशी परतीच्या गाडीत दोघी दोन टोकांना बसल्या.

दुसऱ्या दिवशी विभावरी कामावर आली ती न जेवता, न झोपता. रोजच्यासारखे सगळ्यांचे केसांचे आकडे, पिना, मंगळसूत्रं काढून घेतली. धातूचा तुकडासुद्धा आत न्यायची बंदी होती. कापडी बूट चढवून बायका आत गेल्या. दाराशी भरलेल्या पेट्या रचल्या होत्या, न्यायला गाडी यायची होती. विभावरी टेबलांमधून फिरत होती, पण कानात एकच वाक्य घुमत होतं. बाहेर आले होते. मग परत का गेले?

जळक्या रबराचा वास प्रथम तिलाच आला. दारू वाळवायच्या कपाटामागून, जिथून विजेची तार जात होती तिथून, धुराची बारीक रेघ वर चढत होती. तिनं घंटेची दोरी ओढली.

"हातातलं ठेवा! हळू ठेवा! निघा!"

बायकांना हे शिकवलेलं होतं. एकामागून एक त्या दाराबाहेर पडल्या आणि बांधाकडे धावल्या. कपाटाच्या मागे आता ज्वाळ दिसत होती. विभावरी सगळ्यांच्या शेवटी दाराशी आली आणि तिची नजर पेट्यांवर गेली. एवढ्या बायकांच्या बोटांचं काम. सीमेवर कोणीतरी याचीच वाट पाहत असेल. विचार पुरता व्हायच्या आत तिनं वरची पेटी दोरीच्या कड्यांना धरून उचलली आणि ती उंबऱ्याबाहेर पडली.

बांधाच्या आडून बायका तिच्याकडे पाहत होत्या. पलीकडच्या शेडमधल्याही धावत आल्या होत्या, त्यांत बेबीताई होती. विभावरीनं एकेक चेहरा पाहिला. लतिका त्यांत नव्हती.

तिनं वळून पाहिलं. धुरात, पार शेवटच्या टेबलाशी लतिका उभी होती. दोन्ही हातांनी टेबलाची कड गच्च धरलेली, तोंड उघडं, आवाज नाही.

"लतिका! ये इकडे!"

पोर हलली नाही.

"विभा!" बेबीताई किंचाळली. "परत नको जाऊ! विभा, नको!"

पेटी जड होती आणि आपटली तर फुटेल म्हणून टाकून देता येत नव्हती. विभावरी गुडघ्यांवर बसली, तान्हं मूल ठेवावं तशी पेटी जमिनीवर टेकवली आणि आत पळाली.

धुरानं डोळे मिटत होते. टेबलांच्या कडा चाचपत ती शेवटपर्यंत गेली. लतिकाची बोटं सुटेनात. विभावरीनं एकेक बोट उचकटलं, तिच्या कानशिलात एक ठेवून दिली आणि वेणी मनगटाला गुंडाळून तिला ओढत आणलं. दारातल्या पेट्यांना ओलांडताना पायाला ऊन झळ लागली. त्या बांधाच्या आड पडतात न पडतात तोच जमीन हादरली. माती, पत्रे, विटा डोक्यावरून गेल्या. मग बराच वेळ कुणालाच काही ऐकू आलं नाही.

विभावरीचा खांदा पत्र्यानं फाटला होता. लतिकाच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. बाकी सगळ्या होत्या. बेबीताईनं पुन्हा पुन्हा तोंडं पाहून खात्री केली.

चौकशी दवाखान्यातच झाली. आलेला साहेब नम्र होता, पण त्यानं विचारलंच, "आप पेटी बाहर लाई थीं, फिर छोड़ क्यों दी? माल बच सकता था."

"हात दोनच होते, साहेब," विभावरी म्हणाली. त्याला मराठी कळलं नसावं. तिनं ते हिंदीतही सांगितलं नाही.

तो गेल्यावर बेबीताई आली, पलंगाच्या काठावर बसली.

"एक सांग," विभावरी म्हणाली. "मोहन परत गेले, तेव्हा आत कोणी होतं?"

बेबीताई तिच्या खांद्यावरची पट्टी नीट करू लागली.

"खरं सांग."

"नाही. माणसं सगळी बाहेर होती. पेट्याच होत्या."

किल्लेदारानं माणसं आधी उतरवली होती, हे विभावरी स्वतःच इतकी वर्षं सांगत आली होती. मग ती रडू लागली. नवरा गेला तेव्हा लोकांसमोर रडली होती, त्यापेक्षा हे रडणं वेगळं होतं. त्यात राग होता. "पेट्यांसाठी?" ती म्हणत होती. "मला घरी ठेवून, पेट्यांसाठी?" बेबीताईनं तिला थांबवलं नाही.

लढाई लवकरच संपली. जिंकल्याचा गुलाल झाला, कारखान्यात पेढे वाटले गेले. फोरमनच्या तोंडून एकदा निघालं की मोहनरावांची बायको माल सोडून आली. विभावरीनं ऐकलं आणि ती आपल्या कामाला लागली. नव्या शेडमध्ये तिनं एकच गोष्ट बदलून मागितली, आणि साहेबाच्या खोलीबाहेर ठाण मांडून मिळवली: पेट्या दारात रचायच्या नाहीत.

सिनेमाची भांडणं पुन्हा सुरू झाली, पण आता तिचा आवाज चढत नसे. एका रविवारी नदीवाला सिनेमा सदर भागातल्या टॉकीजला पुन्हा लागला, तेव्हा बेबीताईबरोबर ती शेवटपर्यंत बसली. बाहेर पडताना म्हणाली, "लढाई चांगली घेतली आहे. पण सैन्य नदीपार गेल्यावर मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांचं काय झालं, ते दाखवलंच नाही." दोघी घरापर्यंत त्यावर वाद घालत गेल्या.

लतिकानं नोकरी सोडली. डाव्या कानानं तिला फारसं ऐकू येईना. पुढं शहपुऱ्याच्या एका शेतकरी घरात तिचं लग्न झालं. दर हिवाळ्यात ती ताज्या मटाराची पिशवी घेऊन बसनं यायची. एकदा ती पोट घेऊन, भरलेली पिशवी डोक्यावर धरून दारात उभी राहिली, तशी विभावरी ओरडली, "अगं, सातवा लागला न तुला? अन् एवढं ओझं उचलून राहिली? अक्कल आहे का नाही?"

लतिकाला अर्धंच ऐकू आलं असावं. ती हसत आत आली आणि पाणी मागितलं.