दाजींचा टँकर

आमच्या दाजींइतक्या मायेनं माणसांना हरवणारा माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. तलवाड्याच्या दूध संस्थेत ते कॉम्प्युटरवर बसत. दुष्काळ पडला, जनावरं छावणीला गेली, दूध आटलं आणि कॉम्प्युटर रिकामा झाला. मग दाजींनी इंटरनेटवर वाचून वाचून त्यावर एक खेळ बनवला.

खेळ दिसायला साधा होता. चौकटी-चौकटींचं गाव आणि त्यातून घरोघरी ढकलत न्यायचा पाण्याचा टँकर. दर चौकटीला थोडं पाणी उन्हानं उडून जाई. टँकर मागं घेता येत नसे, त्यामुळं चुकीच्या बोळात शिरलात की कारभार आटोपला. बाभळीचा काटा लागला तर पंक्चर. वाटेत एक म्हैस बसलेली असे. कडब्याची पेंढी सरकवत तिच्या तोंडापुढं आणल्याशिवाय ती हलत नसे. पण सगळ्यांत मोठा धोका होता फेटेवाल्याचा. त्याच्या शेजारून गेलं की टँकर थांबे, हार पडत, नारळ फुटे आणि तोवर निम्मं पाणी उडालेलं असे.

"ह्यो फेटेवाला कोण हाय?" संस्थेच्या चेअरमननी एकदा विचारलं.

"खेळातला धोका हाय, साहेब."

चेअरमननी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा सारखा केला. "फेटा बरा काढलाय," एवढंच म्हणाले.

खेळायला कोण बसेल याला धरबंद नव्हता. पुतणीच्या सोयरिकीला चकलांब्याहून आलेल्या पाहुण्यांना दाजींनी चहाच्या आधी संस्थेत नेलं. मुलाचे वडील म्हशीपाशी अडकले.

"ही उठत कावून न्हाई?"

"चारा दिला का तुमी?"

पाहुणे असे फुगले की सोयरीक जेमतेम वाचली.

एकटी अक्का तेवढी खेळाकडं फिरकली नाही. "खऱ्या टँकरमागं पळून जीव चाललाय, आन् खेळात पन त्येच?" दाजी हसत, पण त्यांना ते लागे. कारण शेवटच्या घराच्या दारात त्यांनी हंडा घेतलेली, हिरव्या लुगड्यातली एक बाई काढली होती. ती कोण, हे अक्का सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पुढं संस्थाच बंद पडली. खेळ उतरवून घ्या, असं मी परोपरीनं सांगितलं. "संस्थेच्या लायटीवर बनवलाय, संस्थेचाच हाय," असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं. कॉम्प्युटर न्यायला टेम्पो आला त्या दुपारी मी तिथंच होतो. अक्का डबा घेऊन आली, डबा टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसली.

"शिकवा."

दाजींनी आधी तिला पडद्यावरचं सगळं गाव शेवटच्या घरापर्यंत फिरवून दाखवलं. मग ती खेळू लागली. पहिल्याच गल्लीत काटा लागला. दुसऱ्यांदा ती म्हशीपर्यंत पोचली, पेंढी सरकवू लागली आणि लाईट गेली.

"येईल आत्ता," दाजी म्हणाले. दोघं काळ्या पडद्यापुढं बसून राहिले. टेम्पोवाल्यानं बाहेर बिडी ओढली, मग दुसरी पेटवली, आणि शेवटी ओशाळत आत येऊन वायरी काढल्या.

 घरी जाताना वेशीपाशी अक्कानं विचारलं, "त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईला शेवटाला पानी भेटतं का हो?"

"नीट खेळलं तर भेटतं," दाजी म्हणाले आणि तिच्या हातातला डबा स्वतःकडं घेतला.