वायरींचं पोतं

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी मी एकदा पोत्यात भरून शिवून टाकल्या. दाभणानं, दुहेरी टाक्यानं. शिवण सुरेख झाली होती, हे आजही घरात कुणी नाकारत नाही.

त्याचं असं झालं. मी लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर कामाला. माल भरला की पोत्याचं तोंड शिवायचं, हे माझं काम. पण त्या दुष्काळी वर्षी शेतातच काही पिकलं नाही, तर यार्डात येणार काय? मालक म्हणाले, "बोलावलं की या." आणि बोलावणं काही येईना! सकाळी अंगणात चकरा, दुपारी गच्चीवर चकरा, संध्याकाळी पुन्हा अंगणात. बायको, सुमन, वैतागून म्हणायची, "ओ, एका जागी बसा की जरा! तुमच्याकडं बघून मलाच गरगरायलंय." पण बसवतच नव्हतं. वीस वर्षं टाके घातलेले हात नुसते वळवळत होते. शेवटी मी एक उशीची खोळ शिवली. (चारही बाजूंनी. उशी बाहेरच राहिली.)

त्यात आमची लेक अश्विनी नांदेडच्या कॉलेजातून सुट्टीला आली, ती कॉम्प्युटरसकट. गेमिंगचा सेटअप म्हणे! टेबलभर पडदा, लाल-निळे दिवे लागणारा काळा डबा, दोन स्पीकर, हेडफोन आणि वायरी. वायरीच वायरी! घर वडिलांनी बांधलेलं, लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा, मोठ्या हौसेनं. पण हॉलमध्ये प्लग एकच काढलेला, तोही रेडिओपुरता. त्यामुळं घरातला एकुलता एक लांब वायरीचा बोर्ड हॉलभर पसरला आणि बाकी सगळं त्याला लटकलं. तिसऱ्या दिवशी सुमन त्यात पाय अडकून धडपडली आणि हातातला पाण्यानं भरलेला तांब्या कलंडला. त्या वर्षी दूध सांडलं असतं तरी चाललं असतं!

"ह्या वायरींचं कायतरी करा ओ!" ती ओरडली. हे तीच म्हणाली होती, हे मला इथं नोंदवायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सुमन गिरणीत गेली, अश्विनी मैत्रिणीकडं. मी तुरीचं एक रिकामं पोतं झटकलं. बटण बंद केलं (तेवढी अक्कल होती). बोर्ड, त्याची लांब वायर गुंडाळून, बाकीच्या वायरी, चार्जरसारखे गरम होणारे ठोकळे, सगळं आत. बाहेर फक्त जोडायची टोकं. मग सुतळी ओवली आणि बसलो. आहाहा! दोन महिन्यांनी दाभण हातात आलं होतं. साधा टाका एका टोकाला ओढला की सरसर उसवतो, म्हणून मी दुहेरी घातला. काम कसं कायमचं पाहिजे.

शेजारचे मन्मथअप्पा डोकावले. "काय करायलाव?"

"वायरी आवरायलो."

त्यांनी पोत्यावरून हात फिरवला. "टाका लई भारी हाय!"

अश्विनी आली, तिनं पोतं पाहिलं आणि माझ्याकडं बघितलं. तिची मॅच सुरू व्हायची होती, म्हणून मी वाचलो. पण अर्ध्या तासानं सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्या टायमाला तूर कोण भाजायलंय?"

"पप्पा, पोतं गरम लागायलंय!"

मी झेप घालून बटण बंद केलं. मॅच गेली. अश्विनी तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून अप्पांची हाक आली, "पाणी सुटलं ओऽऽ!"

आता हे पाणी म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा आणि तेही जेमतेम तासभर. नळ अंगणातल्या कमरेएवढ्या खड्ड्यात. मोटर लावल्याशिवाय थेंब वर चढायचा नाही. सुमननं पदर खोचला, पलंगाखालची मोटर उचलली आणि खड्ड्यात उतरली. मी पाइप जोडला.

"बोर्ड आणा!" ती आतून ओरडली.

मी जोडलेलाच पाइप पुन्हा जोडला.

"ओ, मोटरीचा बोर्ड!"

"पोत्यात हाय."

"मग काढा की!"

"शिवलंय."

"मग सोडा की टाका! तुमचाच हाय न्हवं?"

"दुहेरी हाय. सुटत न्हाई."

"असा टाका घालायचाच कशाला?"

"सुटू नये म्हणून!"

मी सुतळीला नखं लावली, दात लावले. एक दाढ हलली, टाका हलला नाही. कात्री आणली, तर अश्विनी पोत्यावर आडवी! "आधी मला कापा पप्पा, मग माझ्या केबलला हात लावा!" पलीकडं अप्पांचं पाणी धो धो पडत होतं. शेवटी सुमन विळी घेऊन आली. तिचा चेहरा पाहून अश्विनी पोत्यावरून आपोआप उठली. (मीही चार पावलं मागं सरकलो.) पोतं टराटरा फाटलं.

वायरी आत जाताना वेगवेगळ्या होत्या, बाहेर आल्या त्या एक वेणी होऊन! सोडवायला वेळ कुणाला? पुढं बोर्ड घेऊन मी, मागं काळा डबा कवटाळून अश्विनी, तिच्यामागं पडदा धरून सुमन, अशी आमची वरात अंगणात निघाली. मोटर लावली. घर्रर्र! एक घागर भरली. दुसरी भरली. तिसरीला पाइपातून नुसती हवा आली. पाणी गेलं होतं.

तेव्हा मात्र माझे डोळे खरंच भरून आले. पंधरा दिवस, तीन माणसं आणि दोन घागरी. सुमननं पडदा माझ्या हातात कोंबला आणि ती दोन्ही घागरी उचलून आत गेली. अप्पांनी भिंतीवरून चार घागरी दिल्या. त्यांच्याही घरात सात माणसं होती, तरी दिल्या. मला मान वर करवेना.

घरात पाण्याचा क्रम ठरला. आधी पिणं, मग स्वयंपाक, मग भांडी. आंघोळीचं नाव काढायचं नाही. आठव्या दिवशी अंगाला असा वास यायला लागला की मीच माझ्यापासून लांब जावं म्हणून चकरा मारत होतो. तिकडं अश्विनी कॉम्प्युटरला चिकटलेली तुरीची धूळ ओल्या फडक्यानं पुसत होती. पुसून झालं, आणि ती फडकं पिळायला उठली, तर सुमन स्वयंपाकघरातून ओरडली,

"पिळू नको गं! तुझ्या पप्पाची आंघोळ राहिलीय अजून!"

आणि मी मुकाट्यानं बनियन काढून उभा राहिलो.