चंद्रप्रभाबाईंची चायनीज भाजी

चंद्रप्रभाबाई तुळजापुरात चाळीस वर्षं नांदल्या त्या हाताच्या चवीवर. सोनारीहून लग्न होऊन आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. आल्या आल्या शंभर पानांचं वरण एकटीनं रांधलं. गल्लीत कुणाचंही कार्य असो, मीठ बघायला बोलावणं बाईंनाच. आणि आता बघा नशिबाचे खेळ! त्याच बाईंच्या हातचा घास नवऱ्याच्या तोंडात जाईना.

नवरा वसंतराव, कचेरीत हेडक्लार्क होते. दोन वर्षांपासून विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं. या महिन्यात खाणंच सोडलं. पिठलं पुढं केलं की थुंकायचे, दूधभात दिला की ताट लोटायचे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "पोटात काही गेलं नाही, तर नाकातनं नळी घालावी लागंल." बाई घरी येऊन ओट्याला धरून रडल्या. जन्मभर एवढं रांधलं, ते काय चुलीत घालायला?

मग पुण्याला लेकीला, इराला फोन लावला.

"आई, मी कॉलेजात असताना ती चायनीज भाजी करायचे बघ, बाबा कढई पुसून खायचे. ती करून बघ."

"ती कच्चीबच्ची? अगं, जनावरं खातात तसलं!"

"कर तू. कोबी, गाजर, ढोबळी मिरची लांब लांब चीर. कढईतनं धूर निघू दे. लसूण टाक, भाज्या टाक, मोठ्या आचेवर हलवत राहा. शेवटी सोया सॉस नि मिरपूड. आणि झाकण ठेवायचं नाही!"

जन्माची सवय ती! बाईंनी पहिल्या दिवशी झाकण ठेवलंच, वर पाणीही ओतलं. भाजीचा लगदा झाला. वसंतरावांनी ताट भिरकावलं. "मेलं, करू तरी काय मी आता!" म्हणत बाईंनी फरशी पुसली.

दुसऱ्या दिवशी झाकण माळ्यावर टाकलं. डोळ्यांत धूर गेला तरी हात थांबू दिला नाही. तीन-चार मिनिटांत भाजी उतरवली, कोबी अजून करकरीत होता.

वसंतरावांनी एक तुकडा उचलला, कचकन चावला. दुसरा उचलला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"झकास!" ते हसले. महिन्याभरानं हसले. "तुझ्यासारखी भाजी कुणाला जमत नाही गं, इरा."

बाईंनी वळून मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

"अहो, मी..." एवढं म्हणून त्या थबकल्या. खाता खाता थांबले तर? परत थुंकले तर?

"तुझी आई कुठं गेली गं?"

"देवळात गेलीय, बाबा."

नवऱ्याला बाबा म्हणाले मी. जीभ झडली कशी नाही, असं त्यांना झालं.

"सावकाश येऊ दे," चावता चावता वसंतराव म्हणाले. "आली की लई मागं लागती, खा खा म्हणून."

बाईंनी कढईत उरलेली भाजी त्यांच्या ताटात वाढली.