आक्काच्या डोळ्याला लावलेलं भिंग

आक्का गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा मी तिच्यासाठी मुगाची खिचडी डब्यात भरत होते. त्याला आता दीड महिना होतोय. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न केलं नाही तिनं. आमचे हे गेल्यावर मस्तगडच्या घरात आम्ही दोघीच उरलो होतो...

लग्न होऊन मी आष्टीहून आले तेव्हा फार कामसू होते, निदान माझी तशी समजूत होती. आक्कानं तेव्हा दुर्बिणीचा आरसा केला होता. गच्चीवर पिंपावर काच ठेवून, त्याभोवती फिरत, काचेवर काच घासून, मधोमध किंचित खोलगट. पुण्याहून त्यावर चकाकी चढवून आणलेली. घरच्या आरशाची चकाकी काचेमागं असते. याची पुढून, उघडी. मला काय ठाऊक? धूळ दिसली, बसले राखेनं घासायला, देवाच्या तांब्यासारखा. वर शाबासकीची वाट बघत दारात उभी. पुण्याची नात फोनवर विचारते, आजी, तू एवढी बावळट होतीस? होते की.

आक्कानं आरसा बघितला आणि जिन्यातच बसली. चरे काचेपर्यंत गेले होते. मी रडायला लागले, तर म्हणाली, "रडून नको राहू. लई हौस हाय ना घासायची? मंग चल गच्चीवर."

मग पिंपाभोवती दोघी. शेजारणींना वाटायचं, नवस फेडतायत. घासता घासता ती सांगायची, चंद्राचा उजेड या खोलगट काचेवरून मागं फिरतो, एका जागी गोळा होतो, वाटेतला छोटा सपाट आरसा त्याला बाजूच्या भिंगाकडं वळवतो. उजेड म्हणजे लाटाच. लाटेहून बारीक उंचवटा राहिला तरी चित्र बिघडतं. आणि मी चुलीतली राख लावली होती.

महिन्यापूर्वी एका संध्याकाळी दुर्बिणीवरचं फडकं काढलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी आक्कानं बघितलं होतं, नंतर कुणी हात लावला नव्हता. डोळा लावला तर चंद्राच्या कडा विरघळलेल्या. आरसा गेला वाटलं. मग लक्षात आलं... आक्का चष्मा काढून बघायची. लांबचं न दिसणाऱ्या तिच्या डोळ्यांसाठी भिंग आत सरकवलेलं होतं. माझी पाळी आली की मी भिंग मागंपुढं करायचं चाक फिरवून घ्यायचे, तिची आली की ती. आता फिरवलं तर मला चंद्र स्वच्छ दिसेल, पण तिनं लावलेली जागा मोडेल. ती पुन्हा कुणाच्या डोळ्यानं शोधू?

चंद्र असला की गच्चीवर जाते. चाकाला हात लावत नाही. पुसट दिसतो. तिला तो असाच लख्ख दिसायचा.