इस्त्रीपासून चार हात लांब

मास्तरांनी तीस वर्षं उभ्यानेच कापड कापलं. बसून कापणाऱ्याला ते टेलर मानतच नसत. खोड म्हणा हवं तर. मग मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला आणि डावा पाय ऐकेनासा झाला. नसांवरचं आवरण खराब झालंय, असं डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी बायकोला सांगितलं, "अस्तर उसवलंय."

शिलाई बायको बघत होती, पण कापणार कोण? एक तारखेपासून कटिंगचं टेबल मेव्हण्याचं आणि मास्तरांनी बसल्या जागी काजं-बटणं करायची, असं घरात ठरलं. हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं.

मग ते इरेला पेटले. फिजिओथेरपीवाल्या मुलीने खुर्चीवरून उठायला-बसायला आणि चालायला शिकवलं होतं. तिने पाच वेळा करायला सांगितलं की हे पंधरा वेळा करणार. दुकानात मोकळी जागा इस्त्रीच्या टेबलाशेजारीच, आणि निवांत वेळ भर दुपारचा. पाय फरपटायला लागला की ते तिथे खडूने खूण करत. पंधरा दिवसांत ती खूण अठरा पावलांवरून अकरावर आली.

"दुकानाच्या पाटीवरचं माझं नाव पुसून टाक," ते बायकोला म्हणाले.

बायकोने नाव पुसलं नाही, त्या मुलीला दुकानात बोलावून आणलं. ती दोन मिनिटं उभी राहिली आणि कपाळ पुसू लागली.

"मास्तर, रोज इथेच करता?"

"मग कुठे?"

"या आजारात अंग तापलं की पाय आणखी ढिला पडतो. गार झालात की बराचसा परत येतो. सकाळी, इस्त्री लावायच्या आधी करा. पाच म्हणजे पाचच. आणि मध्ये बसायचं."

"बसायचं?"

"बसायचं."

मास्तरांना तेच सर्वांत जड गेलं. पण मानेवर ओला टॉवेल टाकून ते रोज सकाळी चालत, मुकाट्याने बसत आणि पुन्हा उठत. खूण कधी मागे येई, कधी पुढे जाई. महिनाअखेरीला ती सव्वीस पावलांवर होती.

एक तारखेला मेव्हणा स्वतःची कात्री घेऊन हजर. टेबलावर कोटाचं कापड पसरलेलं होतं. मास्तरांनी उभ्याने पाठ कापली आणि स्टुलावर बसले.

"द्या भाऊजी, उरलेलं मी कापतो."

"दम खातोय. कात्री सोडलेली नाही."

थोड्या वेळाने ते टेबलाला धरून उठले आणि दोन्ही बाह्या कापल्या. मग त्यांनी बटणांचा डबा मेव्हण्याकडे सरकवला.

"आता आलाच आहेस, तर काजं करायला बस."