पंख्याचा रोजचा फोटो

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तडकतं. मालेगाव तालुक्यात एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका शिक्षिकेचा फोन आला: दहावीतली सोळा वर्षांची मुलगी बरेच दिवस शाळेत नाही, काहीतरी गडबड वाटते.

हवालदार चौकशीला गेला. वडील म्हणाले, मामाकडे गेली आहे. वर्गमैत्रिणींनी मोबाइल दाखवला: ती रोज फोटो पाठवते. हवालदार निश्चिंत परतला. मी ते फोटो मागवले. एकातही मुलगी नव्हती. रोज तोच छताचा पंखा, एक पातं वाकलेलं. मुलींनी मलाच समजावलं की ही स्ट्रीक आहे. एकमेकींना रोज एक फोटो पाठवायचा, एक दिवस चुकला की साखळी तुटली. फोटोत काय आहे ते कुणी बघतच नाही म्हणे. मी डोकं धरून बसलो.

महिला शिपाई साध्या कपड्यांत त्या मुलीच्या जिवलग मैत्रिणीच्या घरी गेली. वर पाहिलं तर तोच पंखा. मग मीही गेलो आणि आईसमोर मैत्रिणीला विचारलं. तिनं सांगून टाकलं.

"तिचा फोन घरच्यांनी घेतला, सर. मामाच्या गावी लग्न करून राह्यले तिचं. जायच्या आधी तिच्या अकाउंटचा पासवर्ड देल्ला मले. स्ट्रीक तुटू देऊ नको, म्हने."

"मंग कोणाले काहून नाही सांगतलं?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"तिनं स्ट्रीकचंच सांगतलं होतं."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मैत्रिणीचं लग्न लागत होतं आणि ही बया इमानदारीत पंख्याचे फोटो काढत होती.

ग्रामसेवकाला सोबत घेऊन आम्ही मामाचं गाव गाठलं. अंगणात हळद चालू होती. लग्न थांबवलं, गुन्हा दाखल केला, मुलीला बाल कल्याण समितीपुढे नेलं. वाटेत मी तिच्यावर वैतागलो. पासवर्ड देता आला, मग पोलिसांना कळव एवढं मैत्रिणीला सांगता आलं नाही?

ती शांतपणे म्हणाली, "कळवलं असतं तं तुमी पयले माह्या बापालेच विचारलं असतं."

आम्ही नेमकं तेच केलं होतं. पोरांच्या मोबाइलवर मी अजूनही चिडतो, घरात नातवंडं माझी बोलणी खातात. पण त्यानंतर मुलीबद्दल तक्रार आली की मी आधी मुलगी डोळ्यांनी पाहायचो, बापाचा जबाब नंतर.